इंजिनाचा सूर

आम्हा गोमंतकीयांच्या जीवनात सुराला फार मान आहे. देवळाच्या सभामंडपात भजन सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळविले जातात, पखवाजाला कणीक लावली जाते, पेटीवाला एकदा पट्टी दाखवितो, आणि हे सारे चालले असता श्रोते कंटाळत नाहीत. सूर जुळल्यावाचून गाणे नाही, हे इथल्या लहान मुलालाही कळते. तंबोरा किती उंच लावावा याचा निर्णय मात्र तंबोऱ्याच्या हाती नसतो. गाणाऱ्याचा गळा जिथपर्यंत सहज जातो आणि तिथे टिकतो, ती त्याची पट्टी. ओढून ताणून लावलेली तार पहिल्या घटकेला खणखणते, आणि रंग भरू लागला की तुटते.

मोटारीच्या इंजिनालाही असाच सूर लावावा लागतो, ही गोष्ट मला अगदी अलीकडे समजली. मी मराठी आणि इतिहास शिकविणारी शिक्षिका. यंत्राशी माझा संबंध शिवणयंत्रापलीकडे फारसा गेलेला नव्हता. परंतु माझ्या धाकट्या भावाने हा प्रश्न आमच्या घरात आणला, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. कारण मोटारीचे कर्ज माझ्या पगारावर निघाले होते आणि नोंदणीच्या कागदावर नाव माझे आहे.

मोटार जुनीच घेतलेली. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. ही गाडी २०१३ साली भारतात आली, आणि २०२२ साली पोलोचे इथले उत्पादन थांबले. इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण त्याला टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा जोडलेला असल्यामुळे ते १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर इतका पीळ देते. भावाने तिला नवी हवेची गाळणी बसविली, तिच्यापुढची नळी बदलली आणि सायलेन्सरचा मागचा भाग थोडा मोकळा करून घेतला. एवढ्यावर थांबला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. एके रात्री जेवताना तो म्हणाला, “ताई, ही गाडी अजून निजलेली आहे. तिचा संगणक ट्यून करून घेतला की ती जागी होईल. पंचेचाळीस हजार मी साठविले आहेत. तू फक्त हो म्हण.”

आई ताटावरून उठली नाही, बोललीही नाही. हीच गाडी तिला महिन्यातून दोनदा बांबोळीच्या रुग्णालयात नेते. हीच गाडी चोर्ला घाट चढून बेळगावला बहिणीकडे जाते. ती वाटेत अडली तर काय, हा प्रश्न आईच्या मौनात होता. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. “आधी मला समजावून सांग,” एवढेच म्हटले. पुढचे दोन महिने घरात शिक्षक तो आणि विद्यार्थिनी मी, असा उलटा वर्ग चालला.

इंजिनात पेट्रोल आणि हवा एका ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. जुन्या ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांत हे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. त्याचा स्क्रू फिरवून, कान लावून, जाणते मिस्त्री इंजिन सुरात आणीत. १९६७ साली बॉश कंपनीची विजेवर चालणारी इंधन-फवारणी फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. १९७९ साली त्याच कंपनीच्या मोट्रॉनिकने फवारणी आणि ठिणगी ही दोन्ही कामे एका पेटीत आणली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर मोटारींतून मागे पडला आणि त्याची जागा या पेटीने घेतली. तिलाच इंजिनाचा संगणक म्हणतात.

या संगणकाच्या पोटात काय असते, असे मी भावाला विचारले. तो म्हणाला, “कोष्टके.” मला मोठी गंमत वाटली. आपल्या गणिताच्या पुस्तकामागे लॉगॅरिथमची कोष्टके असत, तशीच ही. उभ्या रांगेत इंजिनाचे फेरे, आडव्या रांगेत त्याच्यावरचा भार, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या घरात एक आकडा. किती पेट्रोल फवारावे, ठिणगी केव्हा टाकावी, टर्बोने किती दाब द्यावा, हे त्या आकड्यावरून ठरते. मिनिटाला ६००० फेरे झाले तर चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला दोनशे ठिणग्या पडतात, आणि दर ठिणगीपूर्वी संगणक कोष्टकाकडे वळून पाहतो. धुराच्या नळीत बसलेला लॅम्डा संवेदक मिश्रण पातळ की दाट ते त्याला कळवितो, आणि तो पेट्रोल थोडे कमीअधिक करतो. नुसती गाळणी बदलली तर बहुधा एवढी दुरुस्ती पुरते.

ठिणगीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेट्रोल जळायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी काही अंश आधीच ठिणगी टाकावी लागते. ती योग्य वेळी पडली तर ज्वाला पिस्टनला खाली ढकलते. फार लवकर पडली, किंवा हवा फार तापलेली असली, किंवा पेट्रोल हलके असले, तर उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि सिलिंडरात घणाचा घाव बसल्यासारखा ठोका पडतो. याला नॉकिंग म्हणतात. थोडा वेळ चालले तर संवेदक तो ठोका ऐकून ठिणगी मागे घेतो. पूर्ण भारावर सतत चालले तर पिस्टन फुटण्यापर्यंत पाळी येते. शक्ती वाढविण्याची सारी कला या ठोक्याच्या अलीकडे, पण किती अलीकडे, या एका प्रश्नात सामावलेली आहे.

आता निवड कशाकशातून करायची? भावाने वहीवर चार रकाने पाडले.

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. त्याला तो हसला, पण मी तो रकाना खोडू दिला नाही. कारखान्यातील अभियंत्यांनी ती कोष्टके थंडीत, उन्हात, डोंगरावर आणि समुद्रकाठी तपासून भरलेली असतात, आणि त्यांत गैरवापरासाठीही थोडी जागा राखून ठेवलेली असते.

दुसरा मार्ग एक छोटी पेटी जोडण्याचा. ती संवेदक आणि संगणक यांच्या मध्ये बसते. टर्बोचा दाब प्रत्यक्षात जेवढा असतो त्याहून कमी आहे, असा निरोप ती संगणकाला देते. तो बिचारा खरे मानून दाब वाढवितो. किंमत सर्वांत कमी आणि जोडणे अर्ध्या तासाचे काम. परंतु ज्या निरोपावर संगणकाची सारी सावधगिरी अवलंबून असते, तोच इथे खोटा असतो. आपण दाखविलेल्या मर्यादेच्या आत आहोत असे त्याला वाटते, आणि इंजिन मर्यादेबाहेर गेलेले असते.

तिसरा मार्ग कारखान्याच्याच संगणकातील कोष्टके पुन्हा लिहिण्याचा. याला रीमॅप म्हणतात. यात संगणकाला खरी माहिती मिळत राहते. ठोका ऐकणारा संवेदक, तापमानाची राखण, दोष दाखविणारा दिवा, सारे जागेवर राहतात. याचेही दोन प्रकार आहेत. एक, कोणीतरी कोठेतरी तशाच गाडीसाठी बनविलेली तयार कोष्टके भरणे. दुसरा, आपलीच गाडी रोलरांवर चालवून, मिश्रण आणि ठिणगी मोजून, तिच्यापुरते आकडे भरणे. हा फरक मला चटकन समजला. बाजारात मिळणारे गाइड आणि शिक्षकाने तुमची स्वतःची वही तपासून दाखविलेल्या चुका, यांतलाच हा फरक होय. गाइडातले उत्तर बरोबर असेलही. ते तुमच्या प्रश्नाचे असेलच असे नाही.

चौथा मार्ग सगळा संगणकच काढून त्या जागी स्वतंत्र संगणक बसविण्याचा. २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा संगणक तयार केला, जो हौशी माणसाला घरी बसून जोडता येत असे. जुन्या साध्या गाडीला आणि शर्यतीच्या गाडीला हा मार्ग उत्तम. प्रत्येक आकडा आपल्या हाती. पण आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक एकटा नसतो. गिअरपेटी, ब्रेक आणि समोरचे काटे यांच्याशी तो एका तारेवरून सतत बोलत असतो. त्याला काढले तर या संभाषणातला मुख्य वक्ताच उठून जातो. थंड इंजिन सुरू करण्यापासून वातानुकूलन चालविण्यापर्यंत सारे पुन्हा शिकवावे लागते. गाळणी आणि सायलेन्सर एवढाच बदल असलेल्या गाडीसाठी हा खटाटोप म्हणजे घराचे कौल फुटले म्हणून घर नव्याने बांधणे.

चौथा रकाना आम्ही दोघांनी मिळून खोडला. दुसऱ्यावर वाद झाला. भाऊ म्हणाला, “पेटीची एक सोय आहे. कारखान्याच्या दुकानात सर्व्हिसिंगला नेण्यापूर्वी ती काढून ठेवता येते; कोणाला कळतही नाही.” विकणाऱ्याने हाच गुण पहिला सांगितला होता. ज्या वस्तूचा पहिला गुण ती लपविता येते हा असतो, ती वस्तू घेताना दहादा विचार करावा, असे मला वाटते. योगायोग असा की याच गाडीच्या कंपनीचे एक प्रकरण जगाला ठाऊक आहे. तिच्या डिझेल मोटारींच्या संगणकात अशी आज्ञावली होती, की प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागे आणि रस्त्यावर आली की पुन्हा धूर सोडी. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघडकीस आले. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती असे कंपनीने मान्य केले. तपासनीस वर्गात आले की हाताची घडी घालणारा आणि ते गेले की बाके वाजविणारा विद्यार्थी कोणत्या शाळेत नाही? पण इथे ती युक्ती मोठ्या माणसांनी केली होती, आणि धूर साऱ्या जगाच्या छातीत गेला. भावाने हे ऐकून पेटीचा रकाना स्वतःच्या हाताने खोडला.

उरला तिसरा मार्ग. बेळगावात एका कारागिराकडे आम्ही गेलो. भावाची अपेक्षा होती की तासाभरात कोष्टके भरून मिळतील. त्या गृहस्थांनी पैशाचा विषयच काढला नाही. त्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला, भावाला चालवायला सांगितले आणि शहराबाहेरच्या चढावर दोन फेऱ्या मारून प्रत्येक संवेदकाची नोंद घेतली. मग त्यांनी आम्हाला पडद्यावर दोन रेघा दाखविल्या. एक रेघ संगणकाने मागितलेल्या दाबाची, दुसरी प्रत्यक्ष मिळालेल्या दाबाची. दुसरी रेघ पहिलीच्या खाली राहत होती. टर्बोकडून येणाऱ्या नळीची पकड सैल राहिली होती; सुटे भाग बदलताना कोणीतरी ती पुरती आवळलीच नव्हती. कोंबलेली हवा तेथून निसटत होती, आणि टर्बो ती उणीव भरून काढण्यासाठी विनाकारण अधिक फिरत होता. त्यांनी ठिणगीचे प्लग काढले तर तेही झिजलेले.

“तुमची गाडी निजलेली नाही,” ते म्हणाले, “आजारी आहे. आजारी माणसाला तालमीत पाठवीत नाहीत.”

भावाचा चेहरा उतरला; पण मी त्याक्षणी मनोमन आईचे आणि त्या गृहस्थांचे आभार मानले. ती दाब वाढविणारी पेटी जोडली असती, तर आधीच दमलेल्या टर्बोला तिने आणखी पळविले असते, आणि तो कोठे थकून बसला असता ते सांगवत नाही. कदाचित बेळगावच्या बाजारात, कदाचित बांबोळीच्या वाटेवर.

पकड आवळली, प्लग बदलले. परतीच्या वाटेवर चोर्ल्याचा चढ लागला तेव्हा भाऊ बराच वेळ गप्प होता, आणि मग एवढेच म्हणाला, “ताई, ही वेगळीच गाडी आहे.” कारखान्याने दिलेली १०५ अश्वशक्ती त्याला त्या दिवशी प्रथमच पुरी मिळाली होती.

त्या कारागिरांनी आणखीही काही गोष्टी सांगितल्या. या गाडीची गिअरपेटी कमाल २५० न्यूटन-मीटर पिळासाठी बनविलेली आहे. म्हणून रीमॅप केलाच तर पीळ त्याच्या बराच अलीकडे राखला पाहिजे. युरोपात बनविलेली कोष्टके तिथल्या पेट्रोलासाठी असतात. तिथे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन-अंक ९५, आणि आपल्याकडे तो अनेक वर्षे ९१ होता. २०२५ साली तर देशात पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल ठोक्याला आवर घालते हे खरे. पण एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा लागते, म्हणून मिश्रणाचा सारा हिशेब बदलतो. शिवाय जानेवारीच्या सकाळी पंख्यासमोर काढलेला आकडा मे महिन्याच्या दुपारी फोंड्याच्या वाहतुकीत खरा ठरेलच असे नाही. दमट उष्म्यात तापलेली हवा ठोक्याला आमंत्रण देते. चांगला कारागीर शेवटचे दोन अंश मागे ठेवतो. ते दोन अंश जाहिरातीत दिसत नाहीत; इंजिनाच्या आयुष्यात दिसतात.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. मालक म्हणजे मी. शाळेत नागरिकशास्त्राचा तास घेणाऱ्या बाईने इथे डोळेझाक करावी हे मला मान्य नव्हते. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर किती महाग पडू शकतो, तेही भावाने स्वतः चौकशी करून जाणून घेतले.

तेव्हा आम्ही असे ठरविले. आमच्या गाडीसाठी ट्यूनिंग करायचेच तर ते कारखान्याच्या संगणकातच, आमच्या गाडीवर मोजून, गिअरपेटीची मर्यादा सांभाळून. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात न लावता. मूळ कोष्टकांची प्रत आमच्या हाती घेऊन. आणि परिवहन कार्यालयाला व विमा कंपनीला आधी लेखी विचारून. भावाने दोन्हीकडे पत्रे पाठविली आहेत. उत्तर येईपर्यंत त्याच्या पंचेचाळीस हजारांतून चार नवे टायर आले, ब्रेकचे तेल आणि पट्ट्या बदलल्या, आणि उरलेली रक्कम बँकेत आहे. अधिक वेगाने पळण्याची इच्छा करणाऱ्याने आधी थांबण्याची व्यवस्था करावी, हा क्रम त्याला पटला.

सारेच पटले असे मात्र म्हणवत नाही. परवाच तो मला म्हणाला, “तुझे सगळे खरे, पण ताई, तुम्हा शिक्षकांना प्रत्येक गोष्टीत जपून राहायचेच दिसते. काही गोष्टी नुसत्या आनंदासाठी असतात.” या बोलण्यात तथ्य आहे. चढावर इंजिन एका दमात वर जाते तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो खोटा नाही आणि तुच्छही नाही. हातातल्या वस्तूतून तिचे उत्तमोत्तम बाहेर काढावे ही ओढ नसती, तर कार्बोरेटरपासून संगणकापर्यंतचा प्रवास झालाच नसता. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवरचा, तारेखालचा दोरा रेसभर सरकवितो आणि तासन् तास कान लावून बसतो, तो काय गरज म्हणून? त्या ओढीला नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. ती डोळस असावी, एवढेच मी त्याला सांगितले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातील पुष्कळजण लवकरच दुचाकी हाती घेतील, काही मोटारही घेतील. “इतकी शक्ती वाढवून देतो” असे सांगणारे तुम्हाला जागोजाग भेटतील. त्यांना चार प्रश्न विचारा. आधी माझे यंत्र निरोगी आहे की नाही हे तुम्ही तपासणार काय? माझ्याच यंत्रावर मोजणार की दुसऱ्याचे आकडे भरणार? मूळचे परत मिळेल काय? आणि हे उघडपणे करता येते काय? चारही प्रश्नांना जो न रागावता उत्तर देईल, त्याच्यापाशी थांबायला हरकत नाही. एवढ्या चौकशीनंतरही तुम्हाला एखादे वेळी ‘अजून नाही’ असे म्हणावे लागेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मैफलीत पट्टी ठरेपर्यंतचा वेळ कोणी वाया गेला म्हणत नाही. पुढचे सारे गाणे त्याच वेळेवर उभे राहते.